वेगवान मोटारीचे पाय

बैलगाडीत बसून ज्यांनी चार-सहा कोस वाट तुडवली आहे, त्यांना हादरा म्हणजे काय हे सांगायला नको. बैलगाडीला चाक, आख आणि साटा एवढेच असते. मध्ये काही नसते. चाक दगडावर चढले की साटा चढतो, साटा चढला की आत बसलेला माणूस चढतो, आणि उतरताना तिघेही एकदमच आपटतात. टांग्यात आख आणि बैठक यांच्यामध्ये पोलादाचे पाटे असत. दगड आला की चाक वर जाई, पाटे वाकत, आणि बसणाऱ्याला धक्का लागे तो निम्मा होऊन. आजच्या मोटारीत याच जागी स्प्रिंग, शॉकअप, बुश, दांडे असा सगळा संसार असतो. इंग्रजीत त्याला सस्पेन्शन म्हणतात. आपण त्याला गाडीचे पाय म्हणू.

हा विषय माझ्याकडे आला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. मी गणित शिकवतो; मिस्त्री नव्हे. पण गणिताच्या माणसाला सगळेच येते असा गावाकडे एक समज असतो, आणि तो मोडायला मन होत नाही. या मुलाने फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही गाडी जुनी विकत घेतली. पोलो आपल्या चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत तयार होत असे. दिसायला लहान, पण त्या जीटीचे इंजिन १.२ लिटरचे, टर्बो बसवलेले, १०५ अश्वशक्तीचे. उभ्या गाडीला ताशी १०० किलोमीटर गाठायला सुमारे दहा सेकंद लागतात. मुलगा आजऱ्याकडचा; कामासाठी आठवड्यातून दोनदा आंबोली घाट उतरतो. उसाच्या बिलातून वडिलांनी दिलेले चाळीस हजार रुपये त्याच्याजवळ होते. मला म्हणाला, “सर, गाडी दोन इंच खाली घ्यायची. स्प्रिंगा बघून ठेवल्यात. खाली घेतली की वळणावर चिकटून जाते म्हणतात.”

मी म्हटले, “कोण म्हणतात?”

“सगळेच म्हणतात, सर.”

सगळेच म्हणतात ते तपासून पाहायचे, हा आमचा धंदा. म्हणून मी त्याला बसवून घेतले आणि तीन-चार रविवार आम्ही यावर घालवले. त्यातले जे आपल्याही उपयोगाचे आहे, ते पुढे मांडतो. आपल्यापैकी पुष्कळांकडे वेगवान मोटार नसेल. पण जीप, पिकअप, निदान मोटारसायकल तरी असेलच. पायांचे शास्त्र सगळ्यांना एकच.

गाडी रस्त्याला कशाने धरून राहते? स्प्रिंगने नव्हे, शॉकअपनेही नव्हे. ती धरून राहते टायरने. किती टायरने? हिशेब करून बघा. एका चाकावर ३०० किलो भार आहे आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलो, म्हणजे पंपावरच्या भाषेत तीस पौंड, हवा आहे असे धरा. ३०० ला २.१ ने भागले की सुमारे १४३ चौरस सेंटिमीटर येतात. एवढीच जागा जमिनीला टेकलेली असते, माणसाच्या तळहाताएवढी. चारही चाकांची मिळून झाली शाळेतल्या एका पाटीएवढी. ताशी ऐंशीच्या वेगाने घाट उतरणारी गाडी, तीतली चार माणसे आणि त्यांचे सामान हे सगळे एका पाटीवर उभे असते. स्प्रिंग, शॉकअप आणि बाकीचा सरंजाम यांचे काम एवढेच, की ती पाटी रस्त्यावरून उचलली जाऊ नये.

म्हणून पैशाचा पहिला धनी टायर. मुलाच्या गाडीचे टायर सहा वर्षांचे जुने निघाले. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडी अंक असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३११९ म्हणजे २०१९ सालचा एकतिसावा आठवडा. खाचा बऱ्या दिसत होत्या, पण रबर वाळून ताठ झाले होते, आणि ताठ रबर ओल्या डांबरावर साबणासारखे सरकते. आंबोलीत पाऊस किती पडतो हे मी सांगायला हवे असे नाही.

शिक्षकांसाठी येथे एक उदाहरण देतो. सातवी-आठवीच्या मुलांना ते आवडते. टायरवर १८५/६० आर १५ असे लिहिलेले असते. १८५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरची उंची त्या रुंदीच्या शेकडा ६०, म्हणजे १११ मिलिमीटर. १५ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. त्याचे ३८१ मिलिमीटर होतात. वरचा आणि खालचा १११ मिळवला की चाकाचा व्यास ६०३ मिलिमीटर. परीघ काढा, एका किलोमीटरमध्ये चाक किती वेळा फिरेल ते काढा. सुमारे ५२८ फेरे येतील. आता कोणी १९५/५५ आर १५ बसवा म्हणाला, तर व्यास ५९५.५ होतो, म्हणजे सव्वा टक्क्याने कमी. एवढे चालते. पण फरक तीन टक्क्यांच्या पुढे गेला की वेगाचा काटा खोटे बोलू लागतो, आणि चाक कमानीला घासण्याची भीती असते. मिलिमीटर, शेकडेवारी आणि इंच असे तीन कारभारी एकाच नावात कोणी आणि का बसवले, हे मुले विचारतील. विचारू द्या.

टायरनंतर नवे काही घेण्याआधी जुने तपासायचे. हे सांगताना मला माझीच फजिती आठवते. माझ्या जुन्या गाडीच्या पुढून खडखड आवाज येत होता. एका गॅरेजने पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. बिल दिले, घरी आलो, आवाज तसाच. शेवटी दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडीखाली हात घालून एक लहानसा दांडा हलवून दाखवला आणि चारशे रुपयांत काम झाले. त्या दांड्याला लिंक रॉड म्हणतात. रबराचे बुश, बॉल जॉइंट, शॉकअपच्या डोक्यावरचे रबरी बैठक-माउंट हे भाग वर्षानुवर्षे गुपचूप झिजतात. ते झिजले की चाक ठरलेल्या दिशेला न राहता थोडे इकडे, थोडे तिकडे जाते. सुकाणू सैल झालेल्या नावेवर नवे शीड चढवून काय होणार? मुलाच्या गाडीत पुढच्या आडव्या दांड्यांचे मागचे बुश फाटलेले होते. ते बदलले, तेव्हा तोच म्हणाला, “सर, गाडी निम्मी तर इथंच सुधारली.”

आता स्प्रिंगेकडे वळू. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली छापून सांगितले, की स्प्रिंगवर जितका भार, तितका तिचा ताण. दुप्पट भार, दुप्पट दबणे. या साध्या नियमातून एक गमतीची गोष्ट निघते. गाडीच्या भाराने स्प्रिंग जितकी दबते, तेवढ्याच लांबीच्या दोऱ्याला दगड बांधून लंबक केला, तर त्या लंबकाची आणि त्या गाडीची लय एकच असते. दोरा २५ सेंटिमीटरचा घ्या; मिनिटाला ६० झोके येतील. ही झाली मऊ, आरामशीर गाडी. दोरा ११ सेंटिमीटरचा करा; झोके ९०. ही जरा ताठ गाडी. ६ सेंटिमीटर केला की १२० झोके, आणि ही गाडी शर्यतीच्या वाटेवर निघालेली. वर्गात खिळा आणि सुतळी असली की प्रयोग होतो. मुलाला मी हा प्रयोग करायला लावला. तो सहा सेंटिमीटरच्या दोऱ्याकडे पाहत म्हणाला, “मागच्या सीटवर आबा बसतात.” आबा म्हणजे त्याचे वडील, त्यांच्या कंबरेचे दुखणे जुने. मी काही बोललो नाही.

पण लोक स्प्रिंग बदलतात ते ताठरपणापेक्षा उंचीसाठी. गाडी खाली घेतली की वळणावर किती फायदा होतो, हे आता मोजू. वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, ते तीन गोष्टींवर ठरते: बाहेर ढकलणारा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधले अंतर. जोराला उंचीने गुणायचे आणि अंतराने भागायचे. हिशेबासाठी गाडी माणसांसह १२०० किलोची धरा, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर, चाकांमधले अंतर १४५ सेंटिमीटर, आणि वळण असे की बाहेर ढकलणारा जोर वजनाच्या शेकडा ६० आहे, म्हणजे ७२० किलो. भार सरकतो २७३ किलो. आता गाडी ३ सेंटिमीटर खाली घ्या. सरकतो २५८ किलो. फायदा झाला १५ किलोंचा. सिमेंटच्या पोत्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी! आणि लक्षात घ्या, या हिशेबात स्प्रिंगेचा ताठरपणा कुठेच आला नाही. स्प्रिंग ताठ केली की गाडी कलते कमी, हे खरे. पण एकूण सरकणारा भार जवळजवळ तेवढाच राहतो. डोळ्याला कमी कललेली गाडी अधिक घट्ट वाटते. डोळा फसतो तो इथे.

उलट तोटा काय होतो ते बघा. खड्ड्यावर वा उंचवट्यावर चाकाला वर जायला काही जागा ठेवलेली असते. समजा ती ८ सेंटिमीटर आहे. गाडी ५ सेंटिमीटर खाली घेतली की उरली ३. वळणावर बाहेरचे चाक आधीच दबलेले असते, म्हणजे त्यातलीही निम्मी-अधिक संपलेली. तेवढ्यात खड्डा आला, की शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी थांबा लागतो आणि स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. त्या क्षणापुरती ती बैलगाडी झाली! चाक उसळते, ती तळहाताएवढी जागा रस्ता सोडते, आणि गाडी वळणाच्या बाहेर जाते. घाटात वळणाच्या बाहेर काय असते, हे त्या मुलाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ऐकताना त्याचा चेहरा उतरला.

आणखी एक बारीक मुद्दा आहे, तो वरवर सांगतो. पोलोच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट नावाची रचना आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनियराची ती कल्पना. १९५० साली इंग्लंडमध्ये फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर गाड्यांतून ती लोकांपुढे आली आणि आज जगातल्या बहुतेक लहान गाड्यांत आहे. स्वस्त आणि आटोपशीर. पण ती फार खाली बसवली की खालचे दांडे चाकाच्या बाजूने वर तिरके होतात, आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली घसरतो. परिणामी कलायला लावणारी तरफ लांबते. कलणे कमी व्हावे म्हणून गाडी खाली घ्यायची, आणि तिला कलायला जास्त वाव द्यायचा. असा हा उलटा व्यवहार.

भारतातल्या रॅलीच्या शर्यतींत पोलो बरीच वर्षे धावली. मातीच्या वाटेवर धावणारी रॅलीची गाडी पाहा. ती उंच असते, आणि तिच्या चाकांना वरखाली व्हायला भरपूर वाव असतो. खाली घेतलेल्या गाड्या असतात त्या आरशासारख्या गुळगुळीत शर्यतपथावर. आपले जिल्हामार्ग यांपैकी कशाच्या जवळचे आहेत, ते आपणच ठरवा.

मग चाळीस हजारांचे काय करायचे? टायर आणि बुश झाल्यावर उरतील ते शॉकअपवर. माझ्या मते पहिली खरी सुधारणा तीच. शॉकअप या नावामुळे तो धक्का खातो असे वाटते. धक्का खाते ती स्प्रिंग. खाल्लेला धक्का ती परत ओकते, पुन्हा खाते, पुन्हा ओकते. हे थांबवण्याचे काम शॉकअपचे. आत तेल असते, तेलात दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक भोके आणि झडपा असतात. तेल त्यांतून ढकलले जाताना गरम होते आणि गाडीची उसळी उष्णता होऊन हवेत जाते. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून पाहा, पण जपून.

याचाही प्रयोग होतो. स्प्रिंगेला दगड टांगून सोडला तर तो कितीतरी वेळ वरखाली करतो. दगडाखाली पत्र्याची एक चकती बांधून ती पाण्याच्या बादलीत बुडवा; दोन-तीन हेलकाव्यांत थांबेल. पाण्याऐवजी काकवी घ्या. दगड एकदा खाली गेला की आळसावल्यासारखा सावकाश वर येईल. शॉकअप पाण्यासारखा पातळ नको आणि काकवीसारखा दाटही नको. फार दाट झाला तर पहिल्या खड्ड्यात वर गेलेले चाक दुसरा खड्डा येईपर्यंत खाली उतरतच नाही. शॉकअप नुसता ताठ असला की चांगला, असे समजणारे दुकानदार मी पाहिले आहेत.

स्प्रिंग आणि शॉकअप यांची जोडी असते, हे यावरून कळेल. स्प्रिंगेचा ताठरपणा १०० वरून १४४ केला, तर गाडीची लय १० वरून १२ होते, कारण ती वर्गमुळाने वाढते. आणि जुनाच शॉकअप ठेवला, तर त्याची आवरण्याची ताकद त्याच प्रमाणात, म्हणजे सहाव्या हिश्शाने, कमी पडते. आधीच लाख किलोमीटरच्या आसपास चाललेला शॉकअप, आणि त्यावर नवी ताठ स्प्रिंग! खोंड तरणा आणि कासरा कुजका. म्हणून स्प्रिंग बदलायचीच असेल, तर शॉकअपसह, एकमेकांना शोभतील अशी जोडी घ्यावी. आधी एक, मग दुसरी असे करायचे असेल, तर आधी शॉकअप. जर्मनीचे बिल्स्टीन, हॉलंडचे कोनी अशी नावे या धंद्यात जुनी आहेत. कोनीच्या काही शॉकअपांना ताठरपणा कमी-जास्त करायचा मळसूत्री बंदोबस्त असतो. पण आपल्या गाडीच्या मापाचे, आपल्या उंचीसाठी केलेले आहे ना, हे आधी विचारावे. लोटस गाड्यांचे कर्ते कॉलिन चॅपमन हे स्प्रिंग मऊ आणि शॉकअप नेमका या पद्धतीसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या १९६२ सालच्या इलान गाडीचे नाव वळणावरच्या पकडीसाठी लोक अजून घेतात. वेगवान गाडी ताठच हवी, हा समज त्या गाडीने कधीच खोटा पाडला आहे.

तिसरी वस्तू अँटी-रोल बार. डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारा पोलादी गज. दोन्ही चाके एकदम उचलली तर तो स्वस्थ बसतो. एकच उचलले तर पिळला जातो आणि गाडीला कलू देत नाही. याची गंमत अशी, की त्याचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २२ चा गज घातला, तर जाडी वाढली शेकडा १०, आणि ताठरपणा शेकडा ४६! पोलोसारख्या, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचा स्वभाव असा, की वेगाने वळताना नाक बाहेर पळते. कारण पुढच्या बाहेरच्या टायरवर भार फार साचतो. आता, टायरवर दुप्पट भार टाकला म्हणजे त्याची पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. जुवाला दोन बैल असताना सगळा भार एकावर टाकला, तर तो एकटा दोघांचे काम करीत नाही, तसेच. मागचा गज ताठ केला की सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा मागची जोडी उचलते आणि पुढच्या जोडीला मोकळीक मिळते. नाक आत वळू लागते.

पण हे औषध मात्रेतच. मात्रा जास्त झाली, आणि घाटात घाबरून मध्येच ॲक्सिलरेटर सोडला, की गाडीची शेपटी पुढे येऊ पाहते. ओल्या रस्त्यावर तर फारच लवकर. पोलोचा मागचा आख हा मुळातच पिळला जाणारा तुळईवजा आख आहे. फोक्सवॅगनने ही रचना १९७४ च्या गोल्फपासून वापरली. तो स्वतःच थोडासा गजाचे काम करतो. त्यात भर घालायची, तर आधीच्या सगळ्या गोष्टी होऊन, दोन-चार हजार किलोमीटर चालवून, मगच. मुलाला मी हे एवढ्यासाठी सांगितले, की दुकानात त्याला स्प्रिंगांबरोबर जाड गजही ‘सेटमध्ये’ देऊ केला होता.

अलाइनमेंटविषयी थोडक्यात. पायांचा कुठलाही भाग खोलला की चाकांची दिशा पुन्हा जुळवून घ्यावी लागते. न घेतल्यास नवे टायर काही महिन्यांत एका कडेने खाल्ले जातात. पोलोत पुढच्या चाकांची दिशा जुळवता येते, मागचा आख तसा जुळवण्याजोगा नाही. जुळवल्यावर यंत्रातून निघणारा कागद मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. पुढच्या वेळी तो फार उपयोगी पडतो.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. झिजलेला भाग तशाच भागाने बदलणे ही दुरुस्ती झाली. उंची किंवा टायरचे माप बदलणार असाल, तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

मुलाने शेवटी चारही टायर घेतले, बुश बदलले, मूळ उंचीचेच पण जरा चांगल्या प्रतीचे शॉकअप घातले, आणि अलाइनमेंट करून घेतली. चाळीस हजारांवर थोडे पैसे गेले. ते आबांनी दिले. स्प्रिंगा कंपनीच्याच राहिल्या. गाडी दिसायला होती तशीच आहे, याचे त्याला अजून थोडे वाईट वाटते, आणि ते मी समजू शकतो. पावसाळ्यात एकदा तो मला घाटातून घेऊन गेला. खड्ड्याच्या वळणावर मी दाराची मूठ धरून ठेवली होती. गाडी एकदा दबली, एकदा उठली आणि सरळ झाली. मागून आबा म्हणाले, “इथं खड्डा हुता न्हवं?”

गजाचा प्रश्न दिवाळीनंतर काढायचा असे ठरले आहे.